बारा दात, दोन माणसं आणि एक ब्रश

ओवी_ची_आई
नमस्कार मंडळी. इथले जुने बाफ, म्हणजे चर्चेचे धागे, धुंडाळले. दात येताना काय करायचं यावर ढीगभर सापडलं, आलेल्या दातांचं काय करायचं यावर फारसं नाही. म्हणून हा नवा धागा.

लेक एकोणीस महिन्यांची आहे. पहिला दात साडेसातव्या महिन्यात आला, खालचा. तेव्हा काय कौतुक! पाणी पाजताना चमचा टिक्‌ करून वाजला, तर तो आवाज व्हिडिओ कॉलवर अर्ध्या खानदानाला ऐकवला. ओल्या फडक्याने हिरड्या पुसायचो, मग बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश आणला. वर्षापर्यंत सगळं सुरळीत. मग दाढा आल्या आणि एक दिवस त्या ब्रशसकट माझं बोट असं चावलं की नख काळंनिळं झालं. तो ब्रश तेव्हापासून खेळण्यांच्या टोपलीत आहे.

आता बारा दात आहेत. वर चार, खाली चार आणि चार दाढा. रोज रात्री साडेनऊला नवरा पाय धरतो, मी डोकं धरते आणि बाईसाहेब ओठ असे मिटून घेतात जसं काही पाकीट डिंकाने चिकटवलंय. उघडतात ते फक्त किंचाळायला. त्या अर्ध्या सेकंदात फिरेल तेवढा ब्रश फिरवायचा. परवा खालच्या मजल्यावरच्या काकू "सगळं बरंय ना गं?" विचारून गेल्या.

साबा (सासूबाई) म्हणतात, "दुधाचेच तर दात. सहाव्या वर्षी पडायचेच आहेत. त्यापायी लेकराला रोज रडवून झोपवायचं का?" आणि खरं सांगू, दिवसभराचं ऑफिस करून आल्यावर मलाही ते पटायला लागतं.

अजून रात्री अंगावर पिते, पिता पिताच झोपते, मध्ये दोन-तीनदा उठते.

तर प्रश्न असा: धरूनबांधून करायचं की काही महिने सोडून द्यायचं? पेस्ट लावायची की नाही हाही आहे, पण त्यासाठी आधी तोंड उघडायला हवं.

खडूस_काका
बारा दातांच्या प्राण्याच्या तोंडात बोट घालू नये. यात विचारण्यासारखं काय आहे?

मृण_मयी
अगं आमच्याकडे जुळी आहेत. चोवीस दात, चार हात. तुझं दुःख निम्मं समज. :)

आमच्याकडे एक गोष्ट चालली: दोन ब्रश. एक त्याच्या हातात, एक माझ्या हातात. त्याच्या हातातल्याने तो स्वतःचे, माझे, बादलीचे, कुणाचेही दात घासतो. तो त्यात गुंगला की मी माझं उरकते. बाथरूममध्ये मात्र कधीच जमलं नाही. तिथे नेलं की आधीच आरडाओरडा. आम्ही हॉलमध्ये, चटईवर करतो.

शाल्मली_प
वाचतेय. घरी अकरा महिन्यांचा आहे, सहा दात. माझंही मरण जवळ आलंय.

आजी_सांगलीची
ओवीच्या आई, तुमच्या सासूबाईंचं बोलणं मला नवं नाही. मीसुद्धा हेच म्हणत आले. माझी तीन मुलं, ब्रश हातात दिला तो चौथ्या वर्षी. तोवर सकाळी चूळ भरायची आणि मी बोटानं पुसून घ्यायची. तिघांचेही दात चांगले राहिले. आमच्या लहानपणी तर राखुंडीच होती, आणि घरातल्या बायकांची मशेरी. तरी आमचे दात साठीपर्यंत उसाला पुरले.

पण एक फरक आहे तो प्रामाणिकपणे सांगते. आमच्याकडे खायच्या वेळा होत्या. सकाळी भाकरी-दूध, दुपारी जेवण, संध्याकाळी काहीतरी, की झालं. माझा नातू दिवसभर चरतो. हातात बिस्कीट, खिशात मनुका, गाडीत बसला की ज्यूसचा डबा. तोंड रिकामं म्हणून नसतंच.

दातेरी
मी लहान मुलांची दंतवैद्य आहे. इथे शक्यतो व्यवसायातलं बोलत नाही, पण 'पडायचेच आहेत' हे वाक्य वाचलं की हात शिवशिवतात.

पडायचे आहेत, पण सगळे सहाव्या वर्षी नाहीत. पुढचे सहा-सातला पडतात. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे ओवीला आत्ता आलेली दाढ पाचवी-सहावीपर्यंत चावायला पुरवायची आहे. शिवाय खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी ती जागा धरून बसलेली असते. ती किडून लवकर काढावी लागली की शेजारचे दात सरकतात आणि पुढे दातांना तारा लावायचा खर्च येतो. आणि किडलेला दात दुखतो. दोन वर्षांचं मूल 'दात दुखतोय' सांगत नाही, ते जेवायचं सोडतं.

आता रात्रीचं. झोपेत लाळ फार कमी सुटते. लाळ म्हणजे तोंडातलं धुणं. ते बंद असताना दात दुधात भिजत राहिले की कीड लागते, आणि ती लागते वरच्या पुढच्या चार दातांना. खालच्यांवर जीभ येते, ते बरेचदा वाचतात. म्हणून लहान मुलाचे वरचे दात गेलेले आणि खालचे पांढरेशुभ्र दिसले की रात्री काय चाललंय ते आम्हाला विचारावं लागत नाही.

ओवीची आई, आज एक कर. वरचा ओठ अंगठ्याने उचल आणि दात हिरडीला भिडतात तिथे बघ. खडूसारखी पांढरी रेघ दिसते का? दिसली तर सांग. घाबरू नकोस, ती पहिली पायरी असते आणि तिथून परत फिरता येतं. पिवळट-तपकिरी खड्डा पडला की परत फिरणं नाही.

पेस्ट: पहिल्या दातापासून, फ्लोराइडवाली, साधारण १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड). पण तांदळाच्या दाण्याएवढी, नुसती ब्रशला माखेल इतकीच. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात ती ब्रशभर वळणदार अळी विसरा. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनेही २०१४ पासून पहिल्या दातालाच तांदळाचा दाणा सांगायला सुरुवात केली. त्याआधी दोन वर्षांपर्यंत फ्लोराइड नको असंच सांगायचे, त्यामुळे मोठ्या भावंडांच्या वेळचा सल्ला आणि आत्ताचा सल्ला जुळत नाही.

धरायचं कसं ते उद्या लिहिते, ओपीडी आहे.

मृण_मयी
दातेरी, 'मूल सांगत नाही, जेवायचं सोडतं' याला अनुमोदन. आमच्या भाच्याचं तेच झालं होतं. सगळे म्हणत होते जंत झालेत.

निसर्गवेडा
फ्लोराइड हे विष आहे हे पेस्टच्या खोक्यावर छापलेलं असतं, तरी आपण ते दीड वर्षाच्या बाळाच्या तोंडात घालतो. माझ्या मुलाला आजवर पेस्ट दाखवलेली नाही. खोबरेल तेल आणि त्रिफळा चूर्ण. पाच वर्षांचा आहे, एकही दात किडलेला नाही. गोड देत नाही, हे मुख्य. आपल्या पूर्वजांना काय पेस्ट होती?

खडूस_काका
पूर्वजांना चाळिशीत कवळीही नव्हती. खिमट खात होते.

पांढरकवडा_एक्सप्रेस
निसर्गवेडा, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा मी रोज बघत मोठा झालोय. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड. आमच्या वर्गात निम्म्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. लग्नाच्या फोटोत आमची पिढी ओठ मिटून हसते. किनवटकडे, चंद्रपूरकडे काही गावांत तर गुडघे आणि पाठ धरलेली म्हातारी माणसं बघायला मिळतात.

पण ते फ्लोराइड पोटात जाणारं, रोजचं, लिटरच्या हिशेबानं. पेस्टचं गणित वेगळं असावं. दातेरींनी सांगावं.

दातेरी
पांढरकवडा, अगदी तेच. गणित करूनच दाखवते. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. १००० पीपीएम धरलं तर त्यात फ्लोराइड ०.१ मिलिग्रॅम. सगळी गिळली तरी एवढंच. भारतीय मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. म्हणजे दोन वेळची पेस्ट गिळली तरी मानकात बसणाऱ्या एक ग्लास पाण्याएवढं.

खोक्यावरची सूचना असते ती मुलाने ब्रशला लागते त्यापेक्षा जास्त पेस्ट गिळली तर, यासाठी. आणि स्ट्रॉबेरीच्या वासाची ट्यूब मुलं खरंच खातात, त्यामुळे ती वरच्या फळीवर. मात्र ज्यांच्या गावच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे त्यांनी आधी पाण्याचा अहवाल बघावा आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. पट्टे पडतात ते पक्क्या दातांवर, आणि ते दात हिरडीत तयार होत असतात ते याच वयात.

निसर्गवेडा, तुमच्या मुलाचे दात चांगले आहेत ते गोड न दिल्यामुळे. त्याचं श्रेय तुम्हाला आहे, त्रिफळ्याला नाही.

निसर्गवेडा
श्रेय दिल्याबद्दल आभार. मतभेद कायम.

कोथरूडची_मैना
अवांतर: वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, हे कुणाकडे आहे का? माझ्या मुलाचे वरचे दोन आधी आले. सासरी एकदम शांतता. मग कुणीतरी माझ्या भावाला फोन लावला.

शाल्मली_प
आमच्याकडे आहे! मामाने चांदीची वाटी द्यायची की दोष गेला.

पांढरकवडा_एक्सप्रेस
मी मामा आहे. तीन भाचरं. प्रत्येक वेळी पहिल्या दाताची बातमी येईपर्यंत सराफाचा भाव बघत असतो.

कोथरूडची_मैना
हसून हसून पुरेवाट. भावाने वाटी दिली नाही, टिफिन दिला. ठणठणीत आहे.

दातेरी
वरचे आधी येणं अगदी सर्रास दिसतं. काही बाळं तर जन्मतःच दात घेऊन येतात, दोन-तीन हजारांत एखादं. त्या हिशेबाने मामाला दवाखान्यातच दाखल करावं लागेल.

सायली७
जाता जाता, दात येताना हिरड्यांना टाकणखार मधात खलून लावायचा आग्रह आमच्याकडे फार झाला. आई म्हणे सगळ्यांना लावलाय. मी लावला नाही, पण मनात राहिलंय. दुसऱ्याच्या वेळी काय सांगू?

दातेरी
सायली, बरं केलंस. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. कॅरमच्या पावडरीतल्या बोरिक ॲसिडचं सख्खं भावंड. चोळला की पोटात जातोच. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, कितीही शुद्ध, कितीही गावाकडचा असो. त्यातल्या जंतूंनी क्वचित बाळाचे स्नायू लुळे पडतात. बधीर करणारी जेलही नकोत. बेंझोकेन असलेली जेल दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं अमेरिकेच्या औषध विभागाने २०१८ मध्ये बजावलंय. फ्रिजमध्ये गार केलेलं ओलं फडकं चावायला द्यायचं. बास.

ताप १००.४ च्या वर असेल तर तो दातांचा समजून घरी बसू नका. 'दात येतायत' या नावाखाली कानाचं दुखणं आणि लघवीतला संसर्ग बरेचदा राहून जातो.

खडूस_काका
बाफ दात आल्यानंतरचा आहे ना? आपण उलटे चाललोय.

योकोहामाकर
मग पुढे नेतो. इथे जपानमध्ये दीड वर्षाच्या मुलांची महापालिकेकडून तपासणी होते, त्यात दंतवैद्यही दात बघतात. आमच्या वेळी हॉलमध्ये वीसेक पोरं एकाच सुरात रडत होती. त्या रडण्यात माझी लाज गेली.

तिथे शिकवलं ते असं. मुलाने आधी स्वतः घासायचं, मग आईबापाने 'शेवटचा हात' फिरवायचा. त्याला इथे 'शिआगे मिगाकी' म्हणतात. पद्धत: आपण जमिनीवर मांडी घालून बसायचं, मुलाला उताणं झोपवून डोकं आपल्या मांडीत. त्याचा चेहरा आपल्याला उलटा दिसतो, पण तोंडाच्या आतलं सगळं दिसतं. समोरून उभ्याने आपण नक्की काय घासतो ते देवालाच ठाऊक.

आणखी एक. वरच्या ओठाच्या आत मधोमध एक पडदा असतो. ब्रश त्याच्यावर आपटला की प्रचंड दुखतं. आमचा मुलगा वरचे दात म्हटलं की फुटायचा, कारण हेच. आता मी डाव्या हाताची तर्जनी आडवी त्या पडद्यावर ठेवतो आणि बोटाच्या खालून ब्रश फिरवतो. दुसऱ्या दिवसापासून निम्मं रडणं गेलं.

दातेरी
योकोहामाकर, माझे श्रम वाचवलेत. पडद्याचं बोट ही या बाफवरची सगळ्यात कामाची गोष्ट.

दोघं असाल तर समोरासमोर खुर्च्या, गुडघ्याला गुडघे. मूल एकाकडे तोंड करून मांडीवर, पाय त्याच्या कमरेभोवती, आणि मग पाठीवर आडवं, डोकं दुसऱ्याच्या मांडीत. हात पहिल्याने धरायचे. दवाखान्यात आम्हीही असंच तपासतो. पाय धरून आणि डोकं दाबून होते त्यापेक्षा यात झटापट कमी.

ग्लासगोची_गौरी
स्कॉटलंडमध्ये पाळणाघरातच रोज दात घासतात, सरकारी योजना आहे, चाइल्डस्माइल नावाची. माझी लेक घरी तोंड उघडत नव्हती. तिथे दहा पोरं रांगेत घासताना बघून स्वतःच मागायला लागली. घरी मात्र अजूनही अधूनमधून संप.

अदिती_मोकळी
मी वेगळं बोलणार आहे, हलके घ्या. मुलाला दोघांनी दाबून त्याच्या तोंडात काहीतरी घालायचं, तो नाही म्हणत असताना, याला 'पद्धत' म्हणणं मला जड जातं. त्याचं शरीर आहे. आज दातांसाठी, उद्या कशासाठी? आम्ही कधीच धरलं नाही. नाही म्हणाला तर त्या दिवशी नाही. अडीच वर्षांचा आहे, आता बहुतेक दिवस हो म्हणतो.

रात्रपाळी
अदितीताई, डायपर बदलताना विचारत होतात का? गाडीत पट्टा लावताना? लसीला?

अदिती_मोकळी
विचारत होते. बदलायचंच होतं, पण विचारत होते, सांगत होते. फरक आहे.

रात्रपाळी
तो फरक मान्य, आणि खरं तर मीही तेच करतो. फक्त 'नाही' आलं तरी थांबत नाही.

मी रात्रपाळीला निघायच्या आधी पोराचे दात घासायचं काम माझ्याकडे. माझ्याकडे मोबाईलचा टॉर्च आणि एक खोटा पंचनामा. "अरे, इथे कोण लपलंय? वरणभात! तू दुपारपासून इथेच? चल, बाहेर!" मग दाढेमागे मेथीची काडी सापडते, ती पळते, तिला ब्रशने पकडायची. एकदा खरंच डाळिंबाचा दाणा निघाला तेव्हा आम्ही दोघांनी तो तळहातावर घेऊन बघितला. आता तो स्वतःच आ करून विचारतो, "कोन हाय?" ज्या दिवशी मूड नाही त्या दिवशी मांडीत आडवा, तीस सेकंद, रडून मोकळा. नंतर गळ्यात पडतो. राग धरत नाहीत हो पोरं.

कोथरूडची_मैना
"कोन हाय?" मेले मी.

सोनसाखळी
हा बाफ दोन दिवस वाचतेय, लिहावं की नाही कळत नव्हतं.

माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना त्याच्या वरच्या दातांवर पांढरट डाग दिसले. एका डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले दुधाचे दात आहेत, काळजी करू नका. मला तेच ऐकायचं होतं. बाटली चालू होती, तीही साखर घातलेल्या दुधाची. अडीचला त्याचे वरचे चारही दात तपकिरी होऊन तुटायला लागले. दुसऱ्या ठिकाणी गेलो, तिथल्या डॉक्टरांनी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावलं. कीड थांबली, सुई नाही, ड्रिल नाही. पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. ते आधी सांगितलं होतं, आम्ही सही केली होती. तरी पहिल्यांदा हसला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

बारशाला, मुंजीला, जिथे जाऊ तिथे "अगंबाई, याच्या दातांना काय झालं?" तोही तोंडावर हात ठेवून हसायला शिकला. गेल्या महिन्यात पुढचे दोन पडले, आता पक्के डोकावतायत. परवा खिडकीच्या काचेत बघून हात न ठेवता हसला.

ओवीच्या आई, ओठ उचलून बघितलंस का?

आजी_सांगलीची
सोनसाखळी, पोरी, तुझं वाचलं आणि गप्प बसवेना. मी वर तिघांचे दात चांगले म्हणाले ते खरं नाही. मधल्याचे पुढचे दात असेच गेले होते. वाड्यात त्याला 'किडक्या' म्हणायचे. पुढे पक्के दात चांगले आले म्हणून मीही विसरले. तो मात्र विसरला नसेल. आज विचारलं फोनवर. म्हणाला, "आई, शाळेच्या गॅदरिंगला मी शेवटच्या रांगेत का उभा राहायचो असं वाटलं तुला?"

मृण_मयी
आजी...

नागपूरचा_संत्रा
वातावरण फार गंभीर झालं, एक हलकं सांगतो. आमच्या कन्येचे दात एका आठवड्यात काळे! बायकोने रडून घर डोक्यावर घेतलं. रातोरात इथल्या सरकारी दंत महाविद्यालयात सकाळचा नंबर कसा लावायचा ते शोधलं. तिथल्या मॅडमनी नुसतं विचारलं, "लोहाचे थेंब सुरू केलेत का?" नुकतेच केले होते. वरवरचा डाग, कीड नव्हे. जिभेच्या मागच्या बाजूला थेंब सोडा आणि वर पाणी पाजा म्हणाल्या. पॉलिश करून दिलं.

सायली७
माझी आई अंगणवाडीत आहे, तिला हा बाफ वाचून दाखवला. ती म्हणाली, आमच्याकडे वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं, बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, त्यात दातही बघतात आणि लागलं तर पुढे पाठवतात. पण त्या दिवशी मुलांना आणा म्हणून घरोघर सांगावं लागतं. खाजगी दवाखान्यात जायलाच हवं असं नाही, हे लिही म्हणाली.

ओवी_ची_आई
माफ करा, चार दिवस इकडे फिरकले नाही. दातेरी म्हणाल्या तसा त्याच रात्री झोपेत ओठ उचलला, टॉर्च लावून. आहे. पांढरी रेघ, वरच्या मधल्या दोन दातांवर, हिरडीला लागून, नखाएवढी बारीक. इतके दिवस मी समोरून बघत होते आणि ओठाखाली झाकलेलं दिसतच नव्हतं.

नवरा म्हणाला दुधाचं राहिलं असेल. फडक्याने पुसलं. गेलं नाही.

अंगावरचं लगेच बंद करू का? मला खूप अपराधी वाटतंय. दूध पाजत होते, विष नव्हे ना.

दातेरी
अजिबात विष नाही. पहिल्या वर्षात आईच्या दुधाने दातांचं नुकसान नाही, उलट फायदाच. वर्षानंतर, दात आल्यावर, रात्रभर मागेल तेव्हा पाजलं आणि दिवसा बिस्किटं वगैरे सुरू असली तर धोका वाढतो. दोन्ही मिळून.

लगेच तोडू नकोस. तुमच्या दोघींच्या सोयीने रात्रीचं एक-एक पाजणं कमी कर. आधी पाजायचं, मग ब्रश, मग झोप, हा क्रम लाव. मध्ये उठली तर आधी पाणी, थोपटणं. आणि या आठवड्यात जवळच्या मुलांच्या दंतवैद्याला दाखव. फ्लोराइड वार्निश लावतील, रंगासारखं ब्रशने, मिनिटभराचं काम. खरं तर पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवायचं असतं, पण आपल्याकडे ते कुणी सांगत नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सोडून देऊ नकोस. दिवसातून दोनदा जमलं तर उत्तम, एकदाच जमणार असेल तर रात्रीचं.

अदिती_मोकळी
रेघ असेल तर मीही थांबले नसते, हे कबूल करते. फक्त तिला सांगत राहा काय करतेयस ते.

खडूस_काका
अदिती आणि रात्रपाळी एका बाजूला आले. बाफ बंद करायला हरकत नाही.

ओवी_ची_आई
तीन आठवड्यांनंतरचा वृत्तान्त.

दंतवैद्यांकडे जाऊन आलो. वार्निश लावलं, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. खड्डा नाही, नुसती रेघच आहे. रात्रीचं पाजणं आता एकदाच, पहाटे. पहिल्या चार रात्री कुणीच झोपलं नाही, पाचव्या रात्री नवरा आधी झोपला.

ब्रशचं मात्र श्रेय साबांना आहे. त्यांना मी सोनसाखळी आणि सांगलीच्या आजींचं मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्री स्वतः येऊन भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केले, ओवीचं डोकं मांडीत घेतलं. वरच्या पडद्यावर आडवं बोट त्यांचंच, ब्रश माझा. आणि जसं चिऊचा घास, काऊचा घास करतात तसे दात वाटून टाकले. हा बाबाचा, हा आईचा, हा काकाचा, हा मामाचा. मामाचा घासताना जरा जास्त घासतात, कारण त्याने अजून वाटी दिलेली नाही. मागच्या दाढा आजोबांच्या, कारण ते लग्नातही मागेच बसतात. ओवी मधेच तोंड मिटते, मग साबा म्हणतात, "अगंबाई, आजोबा आतच राहिले!" की लगेच आ.

रोज जमतं असं नाही. काल परत किंचाळली. पण खालच्या काकू आता येत नाहीत.

रात्रपाळी
क्या बात है! साबांना साष्टांग.

आजी_सांगलीची
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ही युक्ती मी नातवाला लावणार.

योकोहामाकर
बारा संपले, पुढे काय? सुळे येतील आता.

ओवी_ची_आई
वरचा उजवा सुळा कालच टोचायला लागलाय. बारा नातेवाईक संपले, तो कुणाला द्यायचा यावर घरात वाद चालू आहे. सुचवा.

खडूस_काका
सुळा म्हणजे आत्या. विचार कसला करायचा?

ओवी_ची_आई
काका, आत्या हा धागा वाचते.

ओवी_ची_आत्या
वाचते. सुळा घेतला. पण दोन्ही हवेत.